थांबायची सोय काढलेला पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कपाळाचा. माझ्या पोटात छोटी बॅटरी आहे आणि दोन टोकांना स्पंजाच्या चकत्या. त्या मिठाच्या पाण्यात भिजवून डोक्याला लावल्या की मी अगदी मुंगीच्या पावलांनी वीज सोडतो. ज्या मुलांचं लक्ष एका जागी टिकत नाही, त्यांना याचा किती उपयोग होतो हे जाणती माणसं अजून तपासून बघताहेत. मी आपला छातीठोकपणे काही सांगणार नाही.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. मला थांबता यायचं. ज्यांनी मला घडवलं, त्यांनी माझ्यात एक राखणदार बसवला होता. चकती कोरडी पडली किंवा कातडीला नीट टेकली नाही की तो लाल दिवा लावायचा आणि मी वीज तोडायचो. लेकरांच्या डोक्याशी गाठ आहे म्हटल्यावर एवढं भान हवंच.

टिळकवाडीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला पूर्णिमाच्या घरी दिलं. सहावीतली पोर. फळ्याकडे बघता बघता खिडकीबाहेरच्या खारीमागे धावायची, गणित अर्धवट टाकून गाणी जुळवायची. तोंडाला तर खीळच नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. "केसांना तेल नको," बाईंनी बजावलं, "आणि दर आठवड्याला मला दाखवून जायचं."

"तेल न लावता पोरीला शाळंला धाडू व्हय?" घरी येताच तिची आई मंगल म्हणाली. "आधीच डोस्कं तापतंय तिचं. तेलानं थंड राहतंय." तिनं पोरीचं डोकं कपाळापर्यंत चोपडून काढलं आणि मग मला बांधलं. तेलावर माझी चकती कशी बसणार? मी लाल दिवा लावला. तिनं पदरानं पुसून पुन्हा बांधलं, मी पुन्हा लाल. हट्टाला मीही काही कमी नाही.

पूर्णिमाचे वडील परशराम उद्यमबागेतल्या कारखान्यात फिटर. बंद पडलेलं मशीन याच्या हाताखालून चालू होऊनच जायचं. याच्या खात्यात प्रेसवर हात चिरडू नये म्हणून सेन्सर असतो. तो सारखा मशीन थांबवतो, माल अडतो, म्हणून वायर जोडून त्याला गप्प करायची तिथं रीतच पडलेली.

"काय न्हाय गं, सेन्सरच उगा बोंबलाय लागलाय," म्हणत त्यानं मला उघडलं आणि राखणदाराच्या वायरींवर वितळलेल्या कथलाचा एक टिपूस ठेवून त्या जोडून टाकल्या. माझा राखणदार संपला. मंगल म्हणाली, "बगा, हिरवा लागला!" मी ओरडलो असतो, पण दिव्याखेरीज मला तोंड कुठे होतं?

जिथं तेल लागलं नव्हतं, तेवढ्या नखाएवढ्या जागेतून माझी सगळी वीज आत घुसू लागली.

"आप्पा, चावाय लागलंय."

"चावू दे. औषध कडूच असतंय."

पट्टा सोडला तेव्हा कपाळावर तांबडा डाग उठला होता. मंगलच्या पोटावर बिब्ब्याचे डाग आहेत, लहानपणी आकडी आली म्हणून दिलेले. "माझ्या लेकीला डागू द्यायची न्हाय, डॉक्टरकडंच नेणार," असं सासूला ठणकावून ती टिळकवाडीला आली होती. तिनं डागाला हळद लावली आणि केसांची बट पुढे ओढून तो झाकला. तिला कळलं नसेल? कळलं होतं. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

हळूहळू पूर्णिमा गप्प झाली. पुस्तक समोर धरून बसते, पान उलटत नाही. "किती शांत बसलीया बग!" परशराम येईल त्याला दाखवतो. डॉक्टरीणबाईंचा फोन आला की, "लई फरक हाय, येतो की सवडीनं," म्हणून ठेवून देतो. फरक आहे खरा. तिचा पाय जरा हलला की त्याचा हात माझ्याकडे येतो. आता तिचं लक्ष कसं अगदी टिकून असतं, बापाच्या हातावर.

गुणाची गोष्ट निपाणीला पोचायला कितीसा वेळ लागतो? आज तिथून परशरामची बहीण जयाबाई आपल्या चुळबुळ्या मुलाला, सौरवला, घेऊन आली आहे. पाहुण्याकडे जायचं म्हणून त्याचं डोकं तेलानं चापून बसवलंय. गडी खुर्चीवर पाय हलवत, सगळ्यांशी बोलत बसलाय. परशराम मला त्याच्या कपाळाला आवळतोय.

"आक्का, दुखतंय काय गं?" सौरवनं पूर्णिमाला विचारलं.

तिनं बापाकडे पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

माणसांनो, घरात जो कोणी शहाणा असेल त्यानं माझी बॅटरी काढा, मला चुलीत घाला, पण परशरामचा अंगठा बटणावर पडायच्या आत या. मला आता थांबता येत नाही. सौरव अजून हसतोय. पूर्णिमानं डोळे मिटून घेतलेत.