खांद्यावर राहिलेला हात

साहेब ‘एवढंसं तर काम आहे’ म्हणाले, की ते हमखास गळ्याशी येतं. तुमच्याही कचेरीत असंच होत असेल!

फुटबॉल महासंघाच्या शताब्दीनिमित्त बारा देशांची स्पर्धा भरणार होती. स्टेडियमच्या दाराशी पन्नास वर्षांपूर्वीच्या संघाचा भलामोठा फोटो लागायचा होता. सचिवांनी फोटोवाल्याला बजावलं, “हा गोलकीपर तेवढा काढून टाका. आनंदाच्या वेळी त्याचं तोंड कशाला?”

फोटोवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. हातातून चेंडू सुटला नि अंतिम सामना गेला, तेव्हापासून सगळं शहर त्या माणसाला ‘गळका’ म्हणत होतं. लहानपणी फोटोवाल्यानंही त्याच्या खिडकीवर दगड मारला होता. त्यानं दुपारभर खपून गळक्याला पुसलं आणि फोटो पसंतीसाठी जुन्या कप्तानाकडे नेला.

कप्तान आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “हा हात कुणाचा रे?”

फोटोवाल्यानं वाकून बघितलं. कप्तानाच्या खांद्यावर हातमोज्यातला हात तसाच राहिला होता!

“चुकलं, आजोबा. आत्ता पुसतो.”

“पूस की! मीही पन्नास वर्षं तेच केलं.” म्हाताऱ्यानं फोटो त्याच्यापुढे सरकवला. “चेंडू वेडावाकडा मागे ढकलला तो मी. लोकांनी खापर त्याच्या डोक्यावर फोडलं, आणि मी मूग गिळून बसलो. त्याच्या बायकोनं बाजारात जाणं सोडलं रे! हा फोटो सामन्याच्या सकाळचा. मी घाबरलो होतो, म्हणून त्यानं खांद्यावर हात ठेवला होता. आता तरी सगळ्यांसमोर सांगेन!”

फोटोवाल्यानं फोटो उचलला. तसाच उठून तो सचिवांकडे गेला. “फोटो लागेल तर अख्खा लागेल. नाहीतर दुसरा माणूस बघा!”

“आणि लोक ओरडले तर?”

“कप्तान बोलणार आहेत सगळ्यांसमोर.”

आणि उद्‌घाटनाला ते खरंच बोलले. गोलकीपर मात्र बाहेर, फोटोपाशीच उभा होता.

“मला ठेवलंत?” त्यानं फोटोवाल्याला विचारलं.

“तुमची खिडकी मी फोडली होती,” फोटोवाला कसाबसा म्हणाला.

“बऱ्याच जणांनी फोडली.” म्हातारा फोटोकडेच बघत होता. “हे बघायला माझी बायको हवी होती.”

मंडळी, हरतात अकरा जण. आपण ती हार एकाच्या माथी मारून घरी जातो, आणि त्याचं घर मात्र जन्मभर ती भोगतं. उद्या कुणाच्या हातून चेंडू सुटेल, तेव्हा तोंड उघडण्याआधी त्याच्या घरच्यांची आठवण ठेवा!