स्त्रातिसची टाकी

"आधी बटण बंद, मग हात पाण्यात. उलटं केलंस तर माशांबरोबर तुझंही सूप होईल."

स्त्रातिसने हे इतक्यांदा बजावलं होतं, की एव्हांथिया एरवी त्याकडे लक्षही द्यायची नाही. पण आज हातातला डाव टाकून ती स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा ते शब्द तिला कानाशी कुणी बोलावं तसे ऐकू आले. तिचा नवरा स्त्रातिस या वेळी थेस्सलोनिकीच्या इस्पितळात होता. छाती उघडून हृदय दुरुस्त करायला त्याला कुठल्याही क्षणी आत नेणार होते.

आणि इथे, कवालातल्या घरात, त्याची टाकी गुरगुरत होती.

भिंतभर लांब टाकी होती ती. बंदरावरचं एक हॉटेल धंद्यात बुडालं तेव्हा त्याने ती उचलून आणली. जन्म जहाजाच्या इंजिनखोलीत गेलेला माणूस. नुसतं खिडकीतून समुद्राकडे बघत बसणं त्याला जमेना. टाकीत वरपर्यंत चढलेलं पाणी फणीसारख्या खाचांतून कोपऱ्यातल्या कप्प्यात सांडायचं, तिथून नळीने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरायचं, तिथे गाळून निघायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. उतरायला नळ्या दोन. एक रोजचं काम मुकाट्याने करायची. दुसरी कोरडी राहायची, अडीअडचणीसाठी. ती बोलायला लागली की समजायचं, पहिली तुंबली. एव्हांथिया हे काही शिकायला बसली नव्हती. लोकांच्या पँटींना दुमड घालत बसलेली असताना ते कानांवरून गेलं होतं, इतकंच.

पाणी काठाला टेकलं होतं. ते मोठे ऑस्कर मासे, एरवी काचेशी येऊन हातातून खाणारे, एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. तिने बटण दाबलं. पंप थांबला. गुरगुर हळूहळू विरली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

मग कपाटातून वेगळाच आवाज आला. बारीक, सलग, नळ उघडा राहावा तसा.

तिने दार उघडलं. खालची टाकी भरून वाहत होती. पंप बंद होता, तरी वरचं पाणी खाली येतच होतं. कपाटाच्या तळाशी वायरींची पट्टी ठेवलेली, आणि पाण्याची जीभ तिच्याकडे सरकत होती. एव्हांथियाचे मोजे भिजले तेव्हा तिला कळलं, आपण पाण्यात उभ्या आहोत. ती उलट्या पावलांनी मागे सरली, बोळातला मुख्य खटका तिने खाली ओढला. घर एकदम मुकं झालं. बाहेर पावसाळी दुपार होती, खोलीत राखाडी उजेड. त्या उजेडात पाणी गालिच्याखाली शिरताना दिसत होतं.

फोन वाजला. मुलगी होती, रिनियो.

"आई, आत्ताच नेलं बाबांना. हसत होते. म्हणाले, आईला सांग कपतानला जास्त खायला घालू नको."

"बरं," एव्हांथिया म्हणाली. कपतान म्हणजे सगळ्यात थोरला मासा. "बरं, बाळ. मी प्रार्थना करतेय."

तिने फोन ठेवला. एक विचार मनात आला होता आणि जाता जात नव्हता: हे मासे गेले, तर तोही जाईल. असलं काही मनात आणणं पाप आहे, हे तिला ठाऊक होतं. पहाटे उठून प्रार्थना म्हणणारी, बुधवार-शुक्रवार पाळणारी, आज तर तेलाचा थेंबही न घेता उपास धरलेली बाई ती. तरी विचार आला, आणि पाण्यासारखाच थांबेना.

दार धडाधड वाजलं. खालच्या मजल्यावरची अस्पासिया, हातात बादली घेऊन. तंबाखूच्या गोदामात पानं निवडण्यात हयात गेलेली म्हातारी. पाद्र्याला तिने कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"माझ्या छतातून थेंब पडतायत, एव्हांथिया. सकाळी मी दार लावून घेतलं म्हणून तीर्थ वरून शिंपडायला सांगितलं की काय तुझ्या पाद्र्याने?"

"अस्पासियाबाई, स्त्रातिस म्हणाला तसंच केलं मी. आधी बटण. सगळं बंद आहे, वीजसुद्धा. आणि तरी उतरतंय."

तिचा आवाज ऐकून अस्पासियाची थट्टा ओसरली. तिने बादली खाली ठेवली आणि टाकीकडे मान वाकडी करून पाहिलं.

"आमच्या बापाकडे वाइनचं पिंप होतं. नळी तोंडाने ओढायची. एकदा धार लागली की ढकलायला कुणी लागत नाही, पिंप रिकामं होईस्तोवर वाहते. थांबवायची तर वरचं तोंड बाहेर काढायचं. पाणी वर चढतं ती नळी कुठली? तिच्यातूनच उलटं उतरतंय."

एव्हांथिया स्टुलावर चढली. चढतीच्या नळीचं वाकडं तोंड पाण्यात बुडालेलं होतं. तिने कोपरापर्यंत हात घातला. नळी हलेना. गार, बुळबुळीत काहीतरी मनगटाला घासलं आणि तिच्या तोंडून अस्फुट किंचाळी निघाली. कपतान होता तो.

"ओढ," अस्पासिया खालून म्हणाली. "स्टूल मी धरलंय."

"पवित्र माते," एव्हांथिया पुटपुटली, आणि मग शब्द आपोआप आले, मोठ्याने: "तो घरी आला तर मी अनवाणी येईन. एलिया संदेष्ट्याच्या टेकडीवर, वर चर्चपर्यंत. अनवाणी."

नळीचं वाकण निसटलं. तोंड वर आलं, घरघरत हवा आत शिरली. खाली कपाटातली धार बारीक झाली, तुटली, थांबली.

एव्हांथियाने नळी तशीच वर धरून ठेवली.

मग एव्हांथियाला त्या वाकणात एक भोक दिसलं, टाचणीच्या डोक्याएवढं, हिरव्या शेवाळाने बुजलेलं. पंप बंद पडला की हवा शिरायची वाट ती. साफ करायला काही मिळतंय का म्हणून तिने खाली उतरून कपाटात चाचपलं, तर एका बुचात खोचलेली सुई हाती आली. तिचीच, जाड कापडाची, टोकाला शेवाळ वाळलेलं. वर्षभर ती ही सुई शोधत होती. हरवलेलं सापडावं म्हणून संत फानुरिओसच्या नावाने तिने केकसुद्धा केला होता, आणि त्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा स्त्रातिसने खाल्ला होता.

दर रविवारी ती चर्चला जायची, आणि हा माणूस एकटा घरी करतो तरी काय, म्हणून वाटेत कुढायची.

"रडतेस काय? सुई मिळाली ना?" अस्पासिया म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या कप्प्यात हात घालून उतरतीच्या नळीच्या तोंडातून काहीतरी ओढून काढलं. सब्ज्याची एक भिजकी डहाळी, पानं गळालेली. "आणि हे घे. तुझ्या पाद्र्याचा पाला."

एव्हांथियाचा चेहरा उतरला. उद्या प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. सकाळी पाद्री पापा-आनेस्तिस घरोघर तीर्थ शिंपडत आले होते, तेव्हा तिनेच त्यांच्या जुडीतली एक डहाळी मागून घेतली होती. देव्हाऱ्यात ठेवायची ती तिने टाकीत सोडली, स्त्रातिसच्या जिवासाठी.

"त्यांनी नाही टाकली," ती हळूच म्हणाली. "मी टाकली."

अस्पासियाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने डहाळी पिळून खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवली.

त्यांनी सुईने भोक मोकळं केलं, नळी जागेवर बसवली, फरशी कोरडी केली, वायरींची पट्टी पुसून उंच टांगली, बादल्यांनी पाणी परत वर घातलं. खटका वर करताना एव्हांथियाने डोळे मिटले होते. पंप खोकला, थोडी हवा ओकला आणि चालू झाला. पाणी खाचांतून सांडू लागलं, आवाज न करता.

दिवेलागणीला फोन पुन्हा वाजला.

"बाहेर आणलंय, आई. अजून शुद्ध नाही. मध्येच रक्तदाब पडला होता म्हणे. डॉक्टर म्हणतात, रात्र जाऊ दे, मग सांगू." रिनियो थांबली. "तुला धाप का लागलीय?"

"फरशी पुसत होते."

एव्हांथिया खुर्चीवर बसली आणि ओले मोजे उतरवू लागली. अस्पासियाला वाटलं, ती कोरडे घालणार. पण तिने उठून नुसता कोट अंगावर घेतला, डोक्याला रुमाल बांधला.

"कुठे?"

"टेकडीवर."

"शुद्धीवर तरी येऊ दे त्याला. नवस फळल्यावर फेडतात, एवढं मलाही कळतं."

"भ्याले म्हणून अट घातली," एव्हांथिया म्हणाली. "घरी आला तर, म्हणाले. असं बोलायला नको होतं."

"बाहेर पाऊस आहे. दगड बर्फ झाले असतील."

"हो."

अस्पासिया वळली. आत जाऊन तिने एव्हांथियाचे लोकरी मोजे आणि बूट एका पिशवीत घातले आणि ती पिशवी तिच्या कोपरात अडकवली.

"येताना घाल. परतीचं काही बोलली नव्हतीस तू."

मग तिने खुर्ची टाकीसमोर ओढली आणि बसली.

एव्हांथिया जिना उतरली. दारातली पहिली पायरी इतकी गार होती की तिचा श्वास अडकला. तिने कोटाची कॉलर वर केली आणि चढणीच्या गल्लीकडे वळली.