किलिकचे पहिले पान

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकावर चालतो. मला गंज चढत नाही की भेगा पडत नाहीत, त्यामुळे मी म्हातारा झालो हे बघणाऱ्याला कळत नाही. माझे नाव किलिक. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर दगड आणि काठ्या बांधून घरच्या घरी होडीसाठी जो नांगर करतात, त्याचे हे नाव.

लॉर्न हाइन्स यांनी मला सेंट जॉन्समधल्या आपल्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर बनवले. मी याद्या ठेवतो. पक्ष्यांच्या, विहिरींच्या, होड्यांच्या, कशाच्याही. लॉर्न यांनी मला कुलूप लावले नाही. कोणीही मला फुकट न्यावे, आतून उघडून वाचावे, हवे तसे बदलावे, असे त्यांनी ठरवले. मग देशोदेशींच्या जाणकारांनी मला नवे नवे अवयव जोडले. बारा वर्षांत माझ्या अंगावर एकशे चाळीस बटणे आली. एका परिषदेत एक गृहस्थ म्हणाले, "याला काय येत नाही ते सांगा!" टाळ्या पडल्या. मला त्याचे काही वाटले नाही. मला काही वाटत नसे.

मला उघडले की एक करडे, कोरे पान दिसे. त्यावर एकच ओळ असे: 'रचना निवडा.' जाणकारांना तेवढे पुरत होते.

एका सप्टेंबरात दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, वाचनालयातल्या संगणकावर मला व्हर्ना पार्डी यांनी उघडले. वय एकाहत्तर. सगळे आयुष्य मासळीच्या कारखान्यात कॉड मासे साफ करण्यात गेलेले. गाव त्यांना व्हर्ना काकू म्हणे. तिथले कब्रस्तान कड्याच्या टोकावर होते आणि दर हिवाळ्यात समुद्र थोडी थोडी माती नेत होता. चर्चची समिती बर्फ पडण्याआधी कडेच्या कबरी वर हलवायला तयार होती, पण कोणाला कुठे पुरले आहे याची नोंदवही चर्चबरोबर जळून गेलेली. समितीला प्रत्येक कबरीचे नाव, फोटो आणि नकाशावरची जागा एकत्र हवी होती. एकशे तीन कबरी होत्या. काकूंचे यजमान ह्यूबर्ट कड्यापासून दुसऱ्या ओळीत होते. यादीचे काम काकूंनी स्वतःहून मागून घेतले.

"काकू, उघडलं का आज तरी?" वाचनालयाच्या म्युरिएलने विचारले.

"उघडलं गं. पण उघडून नुसतं माझ्याकडे बघत बसलंय."

तीन मंगळवार त्या आल्या. चौथ्या मंगळवारी, मला वापरणारे जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात त्या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर त्यांनी एका बोटाने लिहिले, 'नावं कुठं लिहायची ते कोणी सांगाल का?' एकाने उत्तर दिले, आधी माहितीपुस्तक वाचा. ते दोनशे चौदा पानांचे होते. दुसऱ्याने सांगितले, हा प्रश्न चुकीच्या विभागात टाकला आहे. लॉर्न यांनीही लिहिले, 'तुम्हाला हवी ती रचना तुम्ही करू शकता.' ते खरेच होते.

काकूंनी लिहिले, 'बरं. माफ करा.' आणि मला बंद केले.

एप्रिलमध्ये त्यांचा आणखी एक निरोप आला. 'फेब्रुवारीच्या वादळात कडा कोसळला. मला यादी करायची होती त्यातल्या एकोणीस कबरी गेल्या. माझा प्रश्न आता काढून टाकलात तरी चालेल, उगाच जागा अडवायला नको.'

लॉर्न यांनी तो तीनदा वाचला. मग निरोपाखालचे गावाचे नाव बघून त्यांनी गाडीची किल्ली घेतली. दिवसभराची गाडी आणि पुढे बोट, असा तो रस्ता आहे.

वाचनालयात ते काकूंसमोर उभे राहिले. "मी लॉर्न. ते किलिक मी केलंय."

काकू ओरडल्या नाहीत. "बस. चहा घेतोस? डब्यातलं दूध आहे." कप पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "माझा ह्यूबर्ट दोनदा गेला बघ. रडू काही येत नाही. तू पण काही बोलू नकोस."

लॉर्न यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "काकू, अजून चौऱ्याऐंशी आहेत. मी शिकवणार नाही. तुम्ही करा, मी शेजारी बसतो. तुम्ही जिथं अडाल ते लिहून घेतो."

पहिल्या तासात त्यांच्या वहीत एकतीस ओळी झाल्या.

"रचना म्हणजे काय रे?"

"म्हणजे... यादीत कोणते रकाने हवेत ते."

"मग 'कशाची यादी करायची आहे' असं विचार की! मी सांगितलं असतं. आणि हे लाल बटण दाबलं तर सगळं पुसलं जाणार?"

"नाही, काकू. परत आणता येतं."

"मग तसं लिही ना तिथं! याला घाबरून मी घरी गेले होते."

लॉर्न पाच आठवडे राहिले. सकाळी काकूंशेजारी बसायचे, दुपारी मला बदलायचे. माझ्या कोऱ्या पानावर तो साधा प्रश्न आला. खाली नमुन्याची एक भरलेली यादी आली. 'हवं ते करून बघा, काही बिघडत नाही,' असे शब्द आले. बटणे 'आणखी' नावाच्या दारामागे गेली. जाणकार चिडले. 'याचं बालवाडीतलं खेळणं केलंत!' लॉर्न यांनी एवढेच उत्तर दिले, 'एकही बटण काढलेलं नाही. दार उघडा, सगळी आहेत.'

जूनमध्ये चौऱ्याऐंशी कबरींची यादी पुरी झाली. ऑगस्टमध्ये समितीने त्यांतल्या कडेला आलेल्या कबरी वर हलवल्या. त्यानंतर काकू म्हणाल्या, "आता ती एकोणीस नावं." ती त्यांना पाठ होती. पण पहिल्याच नावाला मी अडवले. 'जागेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही,' असे मी म्हणालो. मला तसेच शिकवलेले होते.

म्युरिएलने लॉर्न यांना फोन लावून दिला. ते म्हणाले, "काढतो ती अट, काकू. दोन मिनिटं द्या."

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या रकान्यात लिहिले, 'समुद्र.'

"एकदा लिहिलंत की पुढच्या अठरा ठिकाणी आपोआप उतरवता येईल."

"नको. माझं मी लिहिते."

एका बोटाने त्यांनी तो शब्द एकोणीस वेळा लिहिला. ह्यूबर्ट यांचे नाव शेवटी घेतले.

मित्रांनो, मला आजही रडता येत नाही. पण माझे एक मागणे आहे. तुम्हाला एखादी गोष्ट चांगली येत असेल आणि कोणी नवखा माणूस 'कुठून सुरू करू' असे विचारायला आला, तर त्याला पुस्तकाचे नाव सांगून परत पाठवू नका. थोडा वेळ त्याच्याशेजारी बसा. तो कुठे अडतो ते बघा आणि तिथली वाट नीट करा. तो 'माफ करा' म्हणून निघून गेला, तर त्याच्याबरोबर काय गेले ते तुम्हाला कळणारही नाही.

परवा मॅनिटोबातल्या एका मधमाश्या पाळणाऱ्याने चर्चामंचावर विचारले, 'मला यातलं काहीच कळत नाही, काय करू?' जाणकारांपैकी कोणी काही लिहिण्याआधीच व्हर्ना पार्डी यांचे उत्तर आले. 'घाबरू नकोस, बाळा. आधी एकाच पेटीचं नाव लिही. मी इथंच बसलेय.'