जास्तीची दोन वजनं

मी एक जुना, पाठ ताणायचा पलंग आहे. दवाखान्यात मला ट्रॅक्शन म्हणतात. मित्रांनो, पलंग म्हटलं की तुम्हाला झोप आठवेल. माझ्या नशिबी ती नाही. माणसाच्या छातीला एक पट्टा, कमरेला दुसरा, कमरेच्या पट्ट्याची दोरी कप्पीवरून खाली आणि तिला लोंबती वजनं. सारा जन्म ताणात! जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

नवा होतो तेव्हा माझ्यासाठी रांग लागे. वाकत आलेले हमाल "हुश्श" करून उठले की मी फुशारून जाई. पुढे आमच्या फिजिओथेरपीच्या बाई लोकांना व्यायामच जास्त शिकवू लागल्या आणि माझ्यावर टॉवेलांचा ढीग पडला. मला राग येई. खरं सांगतो, फार येई.

अशात एक शिंपी आला. कमरेतली कळ पायात उतरलेली, अंगठा बधिर. पायच गेला तर शिलाई मशीन चालवणार कोण? बाईंनी बेतानं वजन लावलं, घंटीचं बटण त्याच्या हाती दिलं आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. शिंप्याला जरा बरं वाटलं. लगेच तो सोबतच्या मेहुण्याला म्हणाला, "एवढ्यानं एवढा आराम, तर दुपटीनं आजच बरा होईन. लाव अजून दोन!"

"दाजी, बाई ओरडतील."

"अरे, बाईंना दुकान उघडायचंय का?"

मेहुण्यानं कोपऱ्यातली दोन वजनं उचलून दोरीला अडकवली. मलाही ताकद दाखवायची खुमखुमी आली होती. सांगायला लाज वाटते.

क्षणात शिंपी पांढराफटक पडला. श्वास अडकला, बटण हातातून गळालं. माझी कप्पी कर्कश किंचाळली, तशा बाई धावत आल्या. त्यांनी हातानं तोलत एकेक वजन उतरवलं.

"अंगठा हलवा."

हलेना. मेहुणा रडकुंडीला आला. बऱ्याच वेळानं अंगठा जरासा हलला, तेव्हा कुठे बाई स्टुलावर बसल्या.

"चुकलं माझं," शिंपी पुटपुटला.

"तुम्हाला कळा येत होत्या, तुम्ही घाई करणारच," बाई म्हणाल्या. मग मेहुण्याकडे वळल्या. "पण तुम्ही तर धडधाकट होता ना?"

मित्रांनो, दुखणाऱ्याला घाई असतेच. वजन ज्याच्या हाती असेल, त्यानं तरी ती करू नये.