राक्षसाचा गुडघा

"आवाज कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, चेहरा बोलतो, आवाज नाही!" जावयाने फोनवर आपल्या साहेबांना ठणकावून सांगितलं. त्या वेळी तो सासऱ्यांच्या आरामखुर्चीखाली उताणा पडून सैल झालेला काडेपेटीएवढा माइक चिकटपट्टीने लाकडाला पुन्हा डकवत होता. एवढं बोलून त्याने तत्त्वज्ञाला शोभेल अशी मान उचलली, आणि खुर्चीची दांडी ठण्णकन कपाळावर बसली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. लाकूड तपासतोय."

व्हिडिओ गेमना आवाज आणि संगीत देणं हा त्याचा धंदा. हाडं मोडायची तर काकडी, बर्फातून चालायचं तर पिठाची पिशवी. स्वयंपाकघरातले बरेच जण असे लढाईत कामी आले होते. पण गुहेतल्या राक्षसाचं मरण काही भाजीत सापडेना. मग एकदा सासरे, म्हणजे घरातले अण्णा, गुडघा धरून खुर्चीतून उठले आणि कण्हले. जावयाचे कान टवकारले.

'तुमचं दुखणं जरा वापरायला द्याल का?' असं सासऱ्याला विचारायची रीत कुठल्याच घरात नाही. म्हणून त्याने विचारलंच नाही. कण्हणं चोरून टिपलं, संथ केलं, खर्जात उतरवलं. राक्षस मेला, गेम गाजला. आता दुसरा भाग निघत होता आणि साहेबांना गळा तोच हवा होता. नेमकं तेव्हाच अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

"महिन्याभरात दुखणं संपेल," डॉक्टर म्हणाले.

"पूर्ण?" जावयाने विचारलं.

त्याचा पडलेला चेहरा पाहून बायकोने त्याचा हात दाबला. "इतकी काळजी नको रे करूस. माझ्या सख्ख्या भावांना नाही एवढी." तो हात त्याला पुढे कितीतरी दिवस पोळत राहिला.

ऑपरेशन झालं, महिना सरला. अण्णा पूर्वीसारखेच कण्हत होते. 'नशीब!' असा शब्द त्याच्या मनात आला आणि त्या रात्री जेवताना त्याची मान ताटातून वर झाली नाही. माइक मात्र त्याने काढला नाही.

आज फोन आटोपून तो आपल्या खोलीत गेला, दार लावलं, कानांवर हेडफोन चढवले. पलीकडे पावलं वाजली; चांगली झपझप. मग बटणाची टिचकी. पंख्याची घरघर मंदावत थांबली. हल्ली आपली रेकॉर्डिंग इतकी स्वच्छ येतात ती नव्या माइकमुळे, असं तो साहेबांना सांगत आला होता. मग खिडकी ओढल्याचा आवाज. घसा खाकरला गेला, खुर्ची करकरली. एक कण्हणं आलं. थोड्या वेळाने दुसरं, जरा खालच्या पट्टीतलं. आणि मग अगदी कानाशी:

"पहिलं जरा नाटकी झालं. दुसरं घ्या, जावईबापू."

त्याने हेडफोन काढले. ते टेबलावर ठेवायला त्याला फार वेळ लागला.

बाहेर अण्णा ताठ उभे राहून पंच्याने मान पुसत होते. बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं.

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या वर्षी दोन महिने त्या भिंतीपलीकडे मी रोज मरत होतो. स्वतःचा आवाज ओळखायला काय पंडित लागतो?"

"आणि गुडघा?"

अण्णांनी पाय दोनदा वाकवून दाखवला. "लोण्यासारखा."

"मग हे कशासाठी, अण्णा?"

"दवाखान्यात तुमचा चेहरा पाहिला ना. पोरगी म्हणाली, काळजी आहे." अण्णांनी पंच्याची नीट घडी घातली. "मी म्हटलं, असेल."

जावई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला आणि चिकटपट्टी सोडवू लागला. तिचं टोक नखाला सापडत नव्हतं.

"अण्णा, मी..."

"ते राहू द्या. आजचं झालं असेल तर तेवढा पंखा लावा. फार उकडतंय."