फियाटची मागची काच

सून बोलत नाही, ही जयसिंगरावांची एकच तक्रार होती, पण ती एवढी मोठी होती की तिच्यापुढे गुडघेदुखी, लाइटचं जाणं-येणं सगळं फिकं पडे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी तोंडावर आली आणि मायाचा आवाज काही त्यांच्या कानावर पडला नाही. म्हणजे आवाज होता! स्वयंपाकघरात दूधवाल्याशी हुज्जत घालताना, नवऱ्याशी, सुजयशी हसताना तो लखनौच्या अख्ख्या इंदिरा नगरला ऐकू जाई. जयसिंगराव दारात आले, की पदर नाकापर्यंत खाली आणि बोलणं बंद. चहा झाला हे सांगायचं, तर ती कप दाराशी ठेवून बांगड्या वाजवी. एअर फोर्समध्ये ज्या माणसाच्या आरोळीने विमानाखाली झोपलेली पोरं उठून उभी राहत, त्याला आता बांगड्या ऐकून उठावं लागे.

सुजयने समजावलं होतं, “बाबा, उसके मायके हरदोई में ऐसा ही है. बहू ससुर के सामने नहीं बोलती. त्यात राग नाहीये.”

“मग मी काय वाघ आहे का रे?”

खरी गोष्ट अशी, की सुरुवातच बिघडली होती. लग्नानंतर पहिल्या सकाळी ती तोंड झाकून पाया पडली, तेव्हा जयसिंगरावांनी सातारी थट्टा केली, पण केली हिंदीत: “मुँह छिपाके क्यों खड़ी है? चोरी की है क्या?” घरात एकही माणूस हसला नाही. मायाने पदर आणखी खाली ओढला. त्यांची बायको विजया असती, तर तिने एका वाक्यात सगळं सावरलं असतं. पण विजयाला जाऊन दोन पावसाळे झाले होते. जयसिंगराव मनातून ओशाळले आणि ओशाळलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं: रुसून बसले. नाही बोलायचं तर नको बोलू, आमचंही काही अडलेलं नाही.

अडलेलं होतंच. म्हणून तर त्यांनी अंगणातल्या जुन्या डुक्कर फियाटला हात घातला. ही गाडी विजयाची लाडकी. जयसिंगरावांनी ती पार खोलली, गंज खरवडला, तांबडा प्रायमर मारला, रंग दिला. आणि सबंध हिवाळा ते तिच्याशी बोलत राहिले. “असं गं काय करतेस? उजवीकडचा नट तेवढा सोड, मग तुला त्रास देत नाही.” एखादा भाग जागेवर बसेना, की ठरलेलं वाक्य: “बस गं माझे आई, शहाण्यासारखी बस.”

मागची काच त्यांनी नि सुजयने थंडीच्या सुरुवातीलाच काढली होती. जुनं रबर वाळून कडक झालेलं, ब्लेडने कापत कापत सोडवावं लागलं. काच मात्र अखंड निघाली. तेव्हापासून ती विजयाने शिवलेल्या गोधडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली होती, कारण ती फुटली तर दुसरी मिळणार नव्हती. काचवाल्याने सरळ सांगितलं होतं, “बाबूजी, इसका शीशा अब कहाँ? प्लास्टिक लगवा लीजिए.” विजयाच्या गाडीला प्लास्टिक! जयसिंगराव त्याच्याशी भांडून घरी आले होते.

आता सुजयची बँकेत झाशीला बदली झाली होती. होळी झाली, की दोघं हीच गाडी घेऊन जाणार. म्हणजे गाडी जाणार, मुलगा जाणार आणि सूनही एक शब्द न बोलता जाणार. या शेवटच्या गोष्टीने जयसिंगरावांची झोप उडाली होती. एकदा तरी तिने हाक मारावी. बाकी काही मागणं नव्हतं.

त्या रविवारी सुजय दाराच्या आतल्या मुठी आणायला लालबागच्या बाजारात निघाला. जाताना बजावून गेला, “बाबा, मी येईपर्यंत काचेला हात लावू नका.” अशा माणसाला असं बजावणं म्हणजे हात लावायला सांगण्यासारखंच. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला नाही, तोच जयसिंगरावांनी काच खाटेवर घेतली, नवं रबर चढवलं, रबराच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून दोरी बसवली. युक्ती सोपी असते: एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने गाडीत बसून दोरी ओढायची. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावरून आत उलटते आणि काच बसते. दोन माणसांचं काम आहे, हेच तेवढं ते उत्साहात विसरले. साबणाचं पाणी लावून त्यांनी काच जागेवर टेकवली, दोरीची टोकं आत सोडली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली.

आणि मग लक्षात आलं, की आता हात काढता येत नाहीत. साबणाने रबर बुळबुळीत झालं होतं. डावा हात जरा सैल केला, तर काच डिकीवरून खाली घसरायला लागली.

“अरे देवा! कोई है?”

घरात होतं कोण? बांगड्या वाजल्या. माया दारात आली, नाकापर्यंत पदर.

“बेटा, अंदर बैठ जा. डोरी खींचनी है. जल्दी!”

मागची सीट अजून बसवली नव्हती. ती पत्र्यावर गुडघे टेकून बसली आणि तिने चाचपडत दोरी धरून ओढली. पदराआडून तिला दिसणार काय, कपाळ? दोरी एकीकडे, जयसिंगरावांचा दाब दुसरीकडे. काच कुरकुरली.

“ऐसे नहीं होगा! जहाँ मेरा हाथ, वहीं डोरी. हाथ देखना पड़ेगा, बेटा.”

मग मायाने पदर मागे टाकला आणि खोचला.

काचेपलीकडे एक गोल, घाबरलेला, घामेजलेला चेहरा होता. हनुवटीवर देवीच्या व्रणासारखा बारीक डाग. इतके दिवस एका घरात राहून हा डाग आपल्याला माहीत नव्हता, याचं जयसिंगरावांना फार वाईट वाटलं. पोरीला संकोच नको म्हणून त्यांनी झटकन नजर खाली घातली आणि आपल्याच हातांकडे पाहत राहिले.

“आली का कड? आ गया अंदर?”

मायाने नाही म्हणून मान हलवली. पण खाली पाहणाऱ्याला हलवलेली मान कशी दिसावी?

“अगं, आ गया क्या?”

पुन्हा मान. आली असेल असं धरून जयसिंगराव पुढच्या कोपऱ्याकडे सरकले आणि दाबू लागले.

“रुकिए, बाबा!”

ते गारच पडले.

“इधर फँसा है. मत दबाइए, टूट जाएगा! पहले नीचे... हाँ. अब दबाइए. थोड़ा और. बस!”

काय ती हुकमत! एअर फोर्समध्ये त्यांनी एवढ्या मुकाट्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. खालची बाजू बसली, उजवी बसली, डावी बसली. राहिला वरचा कोपरा. माया दोरी हलके हलके ओढत होती, ओठ मुडपून, आणि तंद्रीत पुटपुटली, अगदी सातारी हेल काढून:

“बस गं माझे आई, शहाण्यासारखी बस.”

आणि काच बसली.

जयसिंगरावांनी हात काढले. काच हलली नाही, तेही हलले नाहीत.

“तुला... तुझे मराठी किसने सिखाई?”

माया काचेआडून म्हणाली, “आपने. सारा दिन गाड़ी से बोलते थे ना. मैं रसोई में सुनती रहती थी.” मग तिने दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “कभी-कभी लगता था, मैं गाड़ी होती तो मुझसे भी बोलते.”

सबंध हिवाळा ही पोरगी भिंतीपलीकडे कान देऊन बसली होती आणि आपण रुसून लोखंडाशी बोलत होतो. दाराला आतून मूठ नव्हती, ती बाहेर येऊ शकत नव्हती. त्यांनी जाऊन दार उघडलं. उतरताना सवयीने तिचा हात पदराकडे गेला.

“घे, पदर घे,” ते मराठीतच म्हणाले. “तुझ्या माहेरची रीत तुला मोडायला लावत नाही मी. चुकलो मी, पोरी. यापुढे मी बोलतो, तू ऐक. वाटलं तर बोल.”

तिने पदर घेतला. डोक्यापर्यंतच.

“मम्मीजी कहाँ बैठती थीं?” तिने विचारलं.

“पुढे, डावीकडे. आणि गप्प बसायची असं वाटतं तुला? साताऱ्यापासून लखनौपर्यंत मला गाडी शिकवत आली, स्वतःला चालवता येत नसताना!”

माया खळखळून हसली. हे सुजयच्या वाटणीचं हसू आज त्यांच्या वाट्याला आलं होतं.

फाटकाशी सुजयची स्कूटर थांबली. त्याने बसलेली काच पाहिली, बायकोचा उघडा चेहरा पाहिला, दोनदा “बाबा, बाबा” केलं.

“थांब रे जरा,” जयसिंगराव मागे न वळता म्हणाले, “मी सुनेशी बोलतोय.”