अंबूबाईचा तांब्या

कोल्हापूरच्या गुजरीत चांदीचं दुकान चालवणाऱ्या अंबूबाईच्या गळ्याचं ऑपरेशन १९७९ साली झालं, आणि त्याच महिन्यात तिच्या लेकीचं, नंदिनीचं, ठरलेलं लग्न मोडलं.

गाठ साधी नव्हती. डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं होतं, "गळ्यातल्या या थायरॉईड ग्रंथीतल्या मूळच्या पेशी आयोडीनवर जगणाऱ्या. तुमची गाठ झाली ती पोटभाडेकरूंची. आईच्या पोटातच दुसरीकडनं येऊन तिथं मुक्काम ठोकलेल्या मूठभर पेशी. आयोडीनचं मीठ खाऊन काही होत नाही. काही घराण्यांत हा रोग रक्तातनं उतरतो, लेकीला दाखवा." मग त्यांनी नंदिनीला पाणी प्यायला लावलं. घोट गिळताना तिथली गाठ वरखाली होते, लपत नाही म्हणे. नंदिनीचा गळा साफ निघाला. रक्त मुंबईला जाऊन आलं, तेही साफ.

पण नवऱ्या मुलाचा बाप बाळासो भर गुजरीत उभा राहून ओरडला, "गळ्याचा रोग घरातनं चालतोय! असल्या घरात आमी पाणीबी पीत न्हाय!"

अंबूबाईनं त्या दिवशी एक तांब्या घासून फळीवर ठेवला. पुढं रोज घासला, पण त्यातनं पाणी कुणालाच दिलं नाही. शेवटी त्यात समोरच्या भिंतीवरचं झुरळ मिशांसकट दिसायला लागलं.

दोन वर्षांनी बाळासोचा गडी मालकाच्या गळ्यातला चांदीचा गोफ घेऊन आला. "मालकांना आवळतोय. चार कड्या वाढवा."

अंबूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप दोऱ्यानं घेऊन नावाच्या चिंधीसकट खुंटीला टांगायची. बाळासोचा जुना दोरा काढून तिनं गोफाला लावला. तंतोतंत. म्हणजे गोफ आटला नव्हता.

"नवं माप पायजे," ती गोड आवाजात म्हणाली. "मालकांनाच धाड. आणि पोराचं जमलंय म्हणं? सुनेचं पैंजण इथंच करा म्हणावं. मजुरी न्हाय घेत."

फुकटची मजुरी ऐकून बाळासो आलाच, शिरोळच्या नव्या व्याह्याला, आकारामला, घेऊन. भर वैशाखात गळ्याला मफलर!

"या पावणं. मफलर काढा, माप घेते. आधी पाणी घ्या."

"नको."

"का वो? आमच्या घरचं चालत न्हाय व्हय?"

"प्या की, व्याही!" आकाराम म्हणाला. "बाईमाणूस हातात तांब्या घिऊन हुबं हाय."

व्याह्यासमोर कारण कसं सांगणार? बाळासोनं मफलर सोडला, तांब्या उचलला. गळ्यातली गाठ विहिरीतल्या मोटेसारखी वर आली आणि सपकन खाली गेली. तो घोट पार गंगावेशीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

"ही काय वो?" आकाराम उठून उभा राहिला.

"साधी असंल, नसंल, डॉक्टर सांगंल," अंबूबाई म्हणाली. "पण गळ्याचा रोग घरातनं चालतोय, हे ह्येंनीच भर गुजरीत सांगितलंय. इचारा की!"

आकारामनं टोपी चढवली. "आधी तुमचा आन् पोराचा गळा दाखवा. पैंजणाचं मग बघू." आणि तो गेला.

बाळासो खाली बसला. पांढराफटक. "अंबूबाई... तुमचा डॉक्टर कुठला?"

"सांगते की." तिनं तांब्या काठोकाठ भरला. "पण हितं न्हाय. तवा वरडताना जिथं हुबं हुतासा, तिथं हुबं राहून प्या."

दुकानादुकानांतून माना बाहेर आल्या. बाळासो भर रस्त्यात प्यायला. गाठ वर गेली, खाली आली, वर गेली.

"आता सांगा," तो धापा टाकत म्हणाला.

अंबूबाईनं तांब्यात वाकून बघितलं.

"घोटभर हाय अजून तळाला."